फ्लायच्या रेशमासाठी मेण: कुठलं निवडलं आणि घरी कसं केलं

फ्लाय टाइंगवाल्या, म्हणजे मासेमारीची आमिषं बांधणाऱ्या, माणसाला हुक, पिसं, फर, दोरे यांच्यावर तासन्‌तास बोलायला लावा, बोलेल. पण मेणाचा विषय काढा, "हो, लावतो थोडंसं" एवढ्यावर आटपतं. त्याला कारणही आहे म्हणा, आजकालचे नायलॉन-पॉलिएस्टरचे बरेच दोरे आधीच मेण लावून येतात, त्यामुळे वेगळं मेण नसलं तरी कुणाचं काही अडत नाही. अडतं ते जुन्या पद्धतीच्या फ्लाय रेशमावर बांधायला घेतल्या की. मी सध्या ज्यात अडकलोय त्या म्हणजे उत्तर इंग्लंडच्या बारीक अंगाच्या वेट फ्लाय, म्हणजे पाण्याखाली वापरायच्या, ज्यांना स्पायडर म्हणतात. पार्ट्रिज अँड ऑरेंज, स्नाइप अँड पर्पल, वॉटरहेन ब्लोआ वगैरे. यात अंग म्हणजे नुसतं रेशीम किंवा रेशमावर नावापुरती फर, पुढे मऊ पिसाचा एखाद-दुसरा वेढा, संपली फ्लाय. लपवायला जागाच नाही, त्यामुळे त्या रेशमाला तुम्ही काय चोपडलंय ते सरळ दिसतं.

ज्यांना फ्लाय म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी एका ओळीत: गळावर रेशीम, पिसं, फर बांधून पाण्यातल्या किड्यासारखं दिसणारं आमिष करायचं, मुख्यतः ट्राउटसाठी. बस.

तर मेण करतं काय. रेशीम गुळगुळीत असतं, गळाच्या दांड्यावर वेढे देताना ताण जरा सुटला की उलगडायला लागतं, मेणामुळे ते जिथे ठेवलं तिथे बसतं. दुसरं म्हणजे पाण्यापासून बचाव, रेशीम सारखं भिजून-वाळून कुजतं ते लांबतं. तिसरं डबिंग, म्हणजे दोऱ्याला फर चिकटवून ती पिळून अंग करायचं ते. आणि चौथं रंग, ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं आणि माझ्या मते जुन्या फ्लायमध्ये तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

पकडीचं महत्त्व आज कळत नाही कारण आपल्या गळाला डोळा, म्हणजे दोरी बांधायची कडी, असतो. 19व्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांपर्यंत बहुतेक फ्लायच्या गळांना डोळाच नसायचा. घोड्याच्या शेपटीचा केस किंवा रेशमाच्या अळीच्या ग्रंथी ताणून काढलेला 'गट' नावाचा धागा दांड्यावर आडवा ठेवायचा आणि त्याच्यावर रेशीम आवळून बांधायचं. मासा लागला की सगळा भार त्या वेढ्यांवर! तिथे मेण कच्चं निघालं की मासा फ्लाय घेऊन पसार आणि नुसता गट तुमच्याकडे. त्यामुळे तेव्हाचे लोक जोडे शिवणाऱ्यांचं काळं मेण वापरायचे, कोब्लर्स वॅक्स, पाइनच्या झाडाची पिच (डांबरासारखा घट्ट काळा पदार्थ), राळ आणि थोडी चरबी किंवा तेल घालून केलेलं. चामडं शिवायच्या दोऱ्याला जी पकड लागते तीच इथे लागायची, म्हणून आयतं उचललं. बॅगपाइप वाजवणारे सांध्यांवर गुंडाळायच्या तागाच्या दोऱ्याला असलंच काळं मेण अजूनही लावतात, त्यामुळे हे मेण शोधायचं असेल तर फ्लायवाल्यांपेक्षा चांभारकामाच्या किंवा बॅगपाइपच्या सामानात लवकर सापडतं.

आता रंगाचं. ग्रीनवेल्स ग्लोरी ही फ्लाय 1854 सालची. डरहॅमचे पाद्री विल्यम ग्रीनवेल ट्वीड नदीवर मासेमारीला गेले होते, मासे ज्या किड्यावर येत होते तो किडा त्यांनी स्प्राउस्टनच्या जेम्स राइटला दिला आणि तसाच बांधून मागितला. राइटने जी फ्लाय केली तिचं अंग पिवळ्या रेशमाचं. पण ही फ्लाय बघितलेल्या कुणालाही विचारा, अंगाचा रंग सांगतील ऑलिव्ह. कारण त्या पिवळ्याला काळं मेण नीट चोळायचं असतं, आणि मेणाने तो पिवळा हिरवट-तपकिरी होतो. म्हणजे तिथे मेण हा डायच आहे. तुम्ही पांढरं पारदर्शक मेण लावून ग्रीनवेल्स बांधली तर सगळं सामान बरोबर असूनही फ्लाय दुसरीच होते. उलट पर्पल रेशमाला तेच काळं मेण लावलं की जांभळा जवळजवळ काळा होऊन बसतो, स्नाइप अँड पर्पलमधला पर्पल गेला की उरलं काय. म्हणून "बेस्ट मेण कुठलं" या प्रश्नाला एक उत्तर नाहीच, निदान दोन तरी मेणं लागतात आणि तिसरं साधं मधमाशीचं जवळ असावं. मी विकतची दोन-तीन वापरून बघितली होती, एक इतकं कडक की रेशीम तुटायचं, एक इतकं मऊ की बोटंच दोऱ्याला चिकटून बसायची, मग म्हटलं साहित्य तर तीनच गोष्टींचं आहे, आपणच करू.

मधमाशीच्या मेणापासून सुरू करतो. हे साधारण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं. पिवळं आणि ब्लीच केलेलं पांढरं असं दोन्ही मिळतं, मी पिवळं घेतो, त्याचा किंचित पिवळसरपणा या कामात नडत नाही आणि वास छान असतो. भेसळ पॅराफिनची असते. खरं मेण तोडलं की तुटलेली बाजू दाणेदार, मॅट दिसते, चोळलं की हाताला जरा धरतं, पॅराफिन घसरगुंडी असतं. शिवाय थंडीत ठेवलेल्या खऱ्या मेणावर पांढरट पावडरीसारखा थर येतो, तो बघून लोक बुरशी समजतात, पण ते चांगलं लक्षण आहे, जरा ऊब दिली की जातो. नुसतं मधमाशीचं मेण रेशमाला लावलं तर दोरा गुळगुळीत, आटोपशीर होतो, रंग फार बदलत नाही, पण चिकटपणा जवळपास शून्य. फर त्याला धरत नाही.

चिकटपणा येतो राळेतून. पाइनचा चीक गाळून त्यातलं टर्पेंटाइन उडवलं की मागे जे काचेसारखं कडक राहतं ती ही राळ, व्हायोलिनच्या गजाला लावतात तीच. रंगानुसार ग्रेड असतात, डब्ल्यूडब्ल्यू म्हणजे वॉटर व्हाइट हा फिक्क्यातला, डब्ल्यूजी म्हणजे विंडो ग्लास, तिथून खाली एन, एम, के करत गडद होत जाते. रंग शाबूत ठेवणारं मेण हवं असेल तर फिक्की ग्रेड घ्यावी, गडद मेणासाठी कुठलीही चालते. व्हायोलिनची तयार वडी घेऊ नका, त्यात प्रत्येकाने आपापलं काहीतरी मिसळलेलं असतं, मग प्रमाण धरून काम करता येत नाही. एकटी राळ गार असताना ठिसूळ, नखाने दाबली तर टचकन पूड, आणि ऊब लागली की चिकट. आपल्याला यातला ठिसूळपणा घालवायचा आणि चिकटपणा ठेवायचा, सगळी कसरत एवढीच आहे.

त्यासाठी तेल. मी एरंडेल वापरतो. ते वाळत नाही, राळेशी छान मिसळतं, आणि थोड्याने काम होतं. जवसाचं तेल टाळा, ते हवेत हळूहळू घट्ट होत जातं त्यामुळे आज मऊ असलेलं मेण पुढे दगड होणार. खोबरेल साधारण 24 अंशाला गोठतं, म्हणजे खोलीचं टेम्परेचर त्या आसपास खालीवर झालं की मेणाचा स्वभावच बदलणार, नको ती भानगड. जुन्या कृतींमध्ये चरबी असते, चालते, पण खवट होते आणि तो वास बोटांवरून जात नाही.

प्रमाण वजनाने धरायचं, चमच्याने नाही. माझं बेसिक: राळ 40 ग्रॅम, मधमाशीचं मेण 20 ग्रॅम, एरंडेल 5 ग्रॅम. हे ऐकायला थोडं वाटतं पण एवढ्या मेणात कितीतरी वर्षं फ्लाय बांधता येतील, त्यामुळे पहिल्यांदा करणाऱ्याने निम्मंच करावं, बिघडलं तर जीव जळत नाही.

वितळवायचं वॉटर बाथवरच, म्हणजे बाहेरच्या भांड्यात पाणी उकळतंय आणि आतल्या भांड्यात मेण. डायरेक्ट आचेवर करणारे लोक आहेत, मी करणार नाही, मेण आणि राळ दोन्ही पेट घेतात. उघड्या ज्योतीऐवजी इलेक्ट्रिक हॉटप्लेट, जवळ झाकण तयार, आणि पेटलंच तर झाकण टाकून गुदमरवायचं, पाणी ओतायचं नाही, पाण्याने भडका उडतो. खिडक्या उघड्या ठेवा. राळेच्या धुराने काही लोकांना दमा होतो, सोल्डरिंग करणाऱ्यांमध्ये हे चांगलं माहीत असलेलं दुखणं आहे, आणि काहींच्या त्वचेलाही राळेची ॲलर्जी असते. चिकटपट्टीने ज्यांना पुरळ येतं त्यांनी जरा जपूनच, जुन्या प्रकारच्या पट्ट्यांच्या गोंदातही राळ असते. भांडं जे घ्याल ते कायमचं मेणाचं झालं असं समजा.

क्रमाला महत्त्व आहे. आधी मेण वितळवायचं. राळ साधारण 70-80 अंशाला नरम पडते पण पातळ व्हायला त्याच्या बरंच वर जावं लागतं, आणि वॉटर बाथ 100 च्या पुढे जात नाही, त्यामुळे एकटी राळ घातली तर ती भांड्याच्या तळाशी घट्ट चिकट गोळा होऊन बसते आणि तुम्ही काडीने ढवळत राहता. वितळलेल्या मेणात मात्र ती विरघळते. राळ कापडात गुंडाळून हातोडीने कुटायची, पूड केली तर उत्तम, आणि चिमूट-चिमूट टाकत लाकडी काडीने ढवळायचं. प्रत्येक चिमटीला आधी वर ढग आल्यासारखं गढूळ होतं, मग हळूहळू स्वच्छ होतं, स्वच्छ झालं की पुढची. इथे घाई केली की खाली गुठळ्या राहतात. सगळी राळ गेली की रंग मधासारखा होतो, कचरा, काड्या, पाइनची साल असं काही तरंगत असेल तर जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गरम असतानाच गाळून घ्यायचं. मग तेल, आणि तेल सगळं एकदम नाही.

आता टेस्ट. काडीने एक थेंब साध्या पाण्यात टाकायचा, मिनिटभर थांबून काढायचा, पुसायचा आणि बोटांत दाबायचा. कडकन तुटला तर तेल कमी. दाबला, चपटा झाला, बोट उचलताना क्षणभर धरून ठेवलं आणि मग सुटलं, तर झालं. बोटाबरोबर तार निघत असेल तर तेल जास्त, मग थोडी राळ आणि थोडं मेण दोन्ही वाढवायचं, नुसती राळ वाढवली तर पुन्हा ठिसूळपणाकडे जातं. पण या थेंबाच्या टेस्टवर पूर्ण विसंबू नका, खरी टेस्ट रेशमावर. त्याच थेंबातून रेशीम ओढून बघा. आणि हे सगळं ज्या खोलीत फ्लाय बांधणार त्याच खोलीच्या टेम्परेचरला. गरम हात असलेल्या माणसाचं मेण थंड हाताच्या माणसाला दगड वाटतं, हे मी दोघांना एकच वडी देऊन बघितलंय. म्हणून दुसऱ्याचं प्रमाण, माझंसुद्धा, जसंच्या तसं उचलू नका. थंडीत तेल एक-दोन ग्रॅम जास्त, उकाड्यात कमी. मी हल्ली एकाच बॅचचे दोन भाग करतो, अर्धं आधी काढून घेतो आणि उरलेल्यात आणखी थोडं तेल घालतो, मग हवेप्रमाणे जी वडी हवी ती.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. मोल्डमध्ये ओतलं तरी चालतं (सिलिकॉनचा घ्या, कागदाचा घेतलात तर कागद मेणासकटच वापरावा लागेल), पण जुनी पद्धत म्हणजे सगळं गार पाण्याच्या पसरट भांड्यात ओतायचं आणि हाताने ओढायचं. ओतलं की ते तळाशी पिवळसर चकती होऊन पसरतं. हात आधी पाण्यात ओले करून कडा आत दुमडत जायच्या. इथे सांभाळा, वरून गार लागलं तरी पोटात गरम असतं, आणि गरम राळ हाताला चिकटली की ती झटकता येत नाही, भाजत राहते. धीर धरून पाण्याखालीच दुमडत राहायचं, मग बाहेर काढून दोन्ही हातांनी ताणायचं, दुमडायचं, परत ताणायचं. आधी पारदर्शक मधाळ दिसणारं मेण हवा अडकून हळूहळू अपारदर्शक होतं, मग फिक्कट सोनेरी, आणि ताणलेल्या पट्टीवर रेशमासारखी उभी चमक येते. ताणता ताणता एका टप्प्यावर ते एकदम हाताला सोडायला लागतं, तिथे थांबायचं. ओढलेलं मेण त्याच बॅचच्या ओतलेल्या मेणापेक्षा जास्त लवचिक लागतं, तुकडे कमी पडतात. आत पाण्याचे थेंब राहतात, म्हणून छोट्या गोळ्या करून दिवसभर उघड्यावर ठेवायच्या, मध्येच एकदा दाबून पाणी काढायचं.

काळ्या मेणासाठी राळेतली निम्मी कमी करून तिथे पाइनची पिच. पिच मिळाली नाही तर पाइन टार, ज्याला स्टॉकहोम टार म्हणतात, घोड्यांच्या खुरांना आणि दोरखंडांना लावतात ते. ते पातळ असतं त्यामुळे तेच मऊपणा आणतं, एरंडेल जवळपास बंदच करायचं, आणि टार थेंबाथेंबाने. वास धुरकट येतो, बोटांना दोन दिवस राहतो, मला आवडतो, घरातल्यांना नाही. एक मात्र नक्की, रस्त्याचं डांबर किंवा कोळशाचं डांबर असलं काही "काळं आहे, चालेल" म्हणून घालू नका. कोळशाच्या डांबराची पिच कॅन्सरकारक म्हणून सिद्ध झालेली आहे, आणि हे आपण उघड्या बोटांनी हाताळतो, काही लोक तर रेशीम दाताने धरतात.

दोन्ही मेणं झाली की मी एक कार्ड केलं, आणि माझं म्हणणं आहे की प्रत्येकाने करावं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर पिवळं, केशरी, पर्पल अशी रेशमं, प्रत्येकाचे चार पट्टे: कोरं, मधमाशीचं मेण, फिक्कं चिकट मेण, काळं मेण. वाळलेलं असताना बघायचं आणि मग पाणी लावून बघायचं, कारण मासा ते भिजलेलंच बघणार. कोरं रेशीम भिजलं की एकदम गडद आणि आरपार होतं, पट्ट्याचा रंगच पडतो. मेण लावलेलं फार बदलत नाही, म्हणजे बांधताना व्हाइसमध्ये (गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात) जो रंग दिसतो तो बराचसा पाण्यातही राहतो. पिवळ्याला काळं मेण एकदा ओढलं तर मळकट पिवळा, तीनदा ओढलं तर खरा ऑलिव्ह. केशरी काळ्या मेणाने विटकरी होतं, काही लोकांना पार्ट्रिज अँड ऑरेंज तशीच हवी असते, मला फिक्क्या मेणातली उजळ आवडते. पर्पलला नुसतं मधमाशीचं, यावर वाद घालायला मी तयार आहे.

लावायची पद्धतही शिकावी लागते. मेणाची छोटी गोळी चामड्याच्या तुकड्यात दुमडून धरायची म्हणजे बोटं चिकट होत नाहीत आणि पिसं खराब होत नाहीत. बोटांत धरून जरा मऊ होऊ द्यायची, मग हातभर रेशीम तिच्यातून झटक्यात ओढायचं. झटक्यात हा शब्द महत्त्वाचा आहे. हळू ओढलं की दोरा मेणात रुततो आणि तुटतो, वेगाने ओढलं की घर्षणाच्या उष्णतेने तेवढंच मेण वितळून पातळ थर बसतो. बरोबर जमलं की बारीक चर्र असा आवाज येतो. दोऱ्यावर मेणाचे कण दिसले तर मेण गार किंवा ठिसूळ आहे, बोटांच्या चिमटीतून दोरा एकदा ओढून घ्या म्हणजे थर सारखा होतो. हे तोडलेल्या रेशमावर करायचं, बॉबिनवर (रीळ धरून नळीतून दोरा सोडणारं साधन) नाही, चिकट मेण बॉबिनच्या नळीत साठतं आणि मग मध्येच दोरा अडकून तुटतो. जुने लोक बॉबिनशिवायच बांधायचे ते यासाठीही सोयीचंच होतं.

वॉटरहेन ब्लोआ बांधताना चिकटपणाची खरी परीक्षा होते. पिवळ्या रेशमावर मोलची (जमिनीखाली बिळं करणारा छोटा प्राणी) फर इतकी विरळ लावायची असते की खालचं पिवळं दिसत राहिलं पाहिजे. मोलची फर आखूड आणि मऊ, कडक केस नाहीतच, त्यामुळे साध्या मेणाच्या दोऱ्यावरून ती नुसती बोटांवर परत येते. चिकट मेणाच्या दोऱ्याला चिमटीतली फर नुसती टेकवली की जेवढी हवी तेवढी बसते, वर पीळसुद्धा एखादाच लागतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे फ्लाय बांधणारे जेम्स लायझनरिंग मेणाच्या रेशमात फर घालून मांडीवर पँटच्या कापडावर पिळून अंगं आधीच तयार करून ठेवायचे, तसं करायला तर चिकट मेण हवंच, नाहीतर पीळ सुटतो.

हात आणि भांडी साफ करायला नुसता साबण उपयोगाचा नाही. आधी कुठलंही तेल चोळायचं, मेण त्यात सैल होतं, फडक्याने पुसायचं, मग साबण. भांडं गरम असतानाच कागदाने पुसून घेतलं तर निम्मं काम होतं, उरलेल्या राळेला स्पिरिट चालतं, पण हॉटप्लेट बंद करून, पूर्ण गार झाल्यावरच. गोळ्या मी छोट्या पत्र्याच्या डबीत मेणकागदात वेगवेगळ्या ठेवतो, झाकण घट्ट, उन्हापासून लांब, आणि काळी व फिक्की एका डबीत अजिबात नाही, नाहीतर फिक्कीवर काळे डाग येतात आणि ते डाग थेट केशरी रेशमावर उतरतात.